थ्री नॉट थ्री: नाव, आकडे आणि इतिहासाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रात ही रायफल बहुतेकांनी पाहिलेली असते. पोलिसांच्या खांद्यावर, एनसीसीच्या कवायतीत, नाहीतर कुणाला शासकीय इतमामात दिलेल्या मानवंदनेत. त्यामुळे तिच्याबद्दल ऐकीव माहितीही भरपूर आहे, आणि त्यात खऱ्या-खोट्याची सरमिसळ झाली आहे. जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. आधी साधे, मग अडचणीचे. एका उत्तरातला मुद्दा दुसरीकडे लागत असेल तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. यातले काही गैरसमज नुसते चुकीचे नाहीत, जिवावर बेतणारे आहेत. म्हणून बाकी काही वाचलं नाही तरी प्रश्न ११ आणि १८ जरूर वाचा.

१. ३०३ हा आकडा कशाचा? वर्ष, पल्ला की गोळ्यांची संख्या?

यांपैकी कशाचाच नाही. तो नळीच्या आतल्या छिद्राचा व्यास आहे, इंचात. पूर्ण आकडा .३०३ इंच, म्हणजे सुमारे ७.७ मिलिमीटर. मधल्या शून्याला इंग्रज सैनिक 'नॉट' म्हणत, तोच उच्चार आपल्या पोलीस दलात आणि पलटणीत रुळला.

एक बारकावा लक्षात ठेवा. रायफलच्या नळीत पीळदार आटे पाडलेले असतात. .३०३ हे माप आट्यांमधल्या उंच भागांवरून घेतलेलं आहे. गोळीचा व्यास त्याहून थोडा जास्त, .३११ इंचाच्या आसपास असतो. त्यामुळे गोळी आट्यांत घट्ट बसते, स्वतःभोवती गिरकी घेत बाहेर पडते आणि सरळ जाते. मोजपट्टीवर .३११ दिसलं म्हणून काडतूस बनावट ठरत नाही.

२. मग थ्री नॉट थ्री हे रायफलचं नाव की काडतुसाचं?

मुळात काडतुसाचं. ब्रेन, विकर्स आणि लुईस या मशीनगनही .३०३ काडतूसच वापरत. दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर आणि हरिकेन विमानांच्या पंखांतल्या ब्राउनिंग मशीनगनही त्याच मापाच्या होत्या. 'थ्री नॉट थ्रीनं गोळीबार झाला' असं जुन्या कागदपत्रात दिसलं, तर रायफलच होती असं लगेच धरू नये. भारतात मात्र बोलण्यात या नावानं जी रायफल ओळखली जाते ती ली-एनफिल्ड. पुढच्या उत्तरांत 'थ्री नॉट थ्री' म्हणजे हीच रायफल समजा.

३. ली-एनफिल्ड हा एकच संशोधक होता का?

नाही. ली हा माणूस आणि एनफिल्ड हे गाव. जेम्स पॅरिस ली स्कॉटलंडमध्ये जन्मला, लहानपणीच कुटुंबाबरोबर कॅनडात गेला आणि पुढे अमेरिकेत राहिला. बोल्टची (काडतूस नळीत सरकवणाऱ्या, हातानं ओढायच्या दांड्याची) रचना आणि बोल्टखालचं सुटं होणारं मॅगझिन, म्हणजे काडतुसांची पेटी, त्याचं. नळीतले आटे लंडनच्या उत्तरेला एनफिल्ड इथल्या सरकारी शस्त्रकारखान्यात ठरले.

त्याआधी १८८८ मध्ये ब्रिटिश फौजेनं ली-मेटफर्ड स्वीकारली होती. विल्यम मेटफर्डचे उथळ, गोलसर आटे काळ्या दारूसाठी उत्तम होते, कारण त्यांत काजळी कमी साठायची. पुढे कॉर्डाइट ही धूर न करणारी दारू आली. तिच्या प्रचंड उष्णतेनं हे आटे लवकर झिजू लागले. म्हणून १८९५ मध्ये लीचा बोल्ट तसाच ठेवून एनफिल्डचे खोल, काटकोनी आटे घेतले, आणि नावातला मेटफर्ड गेला.

४. १८५७ चा उठाव ज्या एनफिल्डमुळे पेटला ती हीच का?

नाही. हा गैरसमज सगळ्यांत जास्त पसरलेला आहे. शाळकरी मुलांच्या प्रकल्पांतही १८५७ च्या मजकुराशेजारी थ्री नॉट थ्रीचं चित्र चिकटवलेलं दिसतं, ते बदलायला हवं.

१८५७ ची रायफल म्हणजे 'पॅटर्न १८५३ एनफिल्ड'. ती ठासणीची होती. कागदी काडतूस दातानं फाडायचं, दारू नळीच्या तोंडातून ओतायची, गोळी गजानं ठासायची, असा क्रम होता. तिचा बोअर, म्हणजे नळीच्या छिद्राचा व्यास, .५७७ इंच, म्हणजे थ्री नॉट थ्रीच्या जवळजवळ दुप्पट. काडतुसाच्या कागदाला लावलेल्या चरबीवरून असंतोष भडकला. मंगल पांडे यांनी बराकपूरला २९ मार्च १८५७ रोजी शस्त्र उचललं, तेव्हा ही नवी रायफल बहुसंख्य पलटणींच्या हातात पोहोचलीही नव्हती. दमदम, अंबाला आणि सियालकोट इथल्या शिक्षण केंद्रांत तिचे धडे सुरू झाले होते.

ली-एनफिल्ड त्यानंतर ३८ वर्षांनी आली. तिचं काडतूस पितळी पुंगळीचं, ते दातानं फाडायचा प्रश्नच नाही. दोघींच्या मध्ये स्नायडर, मार्टिनी-हेन्री आणि ली-मेटफर्ड अशा तीन पिढ्या होऊन गेल्या. समान आहे ते फक्त कारखान्याचं गाव.

उठावानंतर मात्र एक धोरण बरीच वर्षं टिकलं: हिंदी शिपायाला गोऱ्या शिपायापेक्षा एक पिढी मागचं शस्त्र द्यायचं. थ्री नॉट थ्रीच्या भारतातल्या इतिहासाचा १८५७ शी खरा धागा हा आहे.

५. एसएमएलई (शॉर्ट मॅगझिन ली-एनफिल्ड) मधला 'शॉर्ट' शब्द छोट्या मॅगझिनसाठी आहे ना?

नाही, तो रायफलच्या लांबीसाठी आहे. आधी पायदळाला लांब रायफल आणि घोडदळाला आखूड कार्बाइन अशी दोन वेगळी शस्त्रं असत. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धानंतर दोघांना चालेल अशी मधल्या लांबीची एकच रायफल करायचं ठरलं. ३० इंचांची नळी २५ इंचांवर आली. मॅगझिन होतं तसंच दहा गोळ्यांचं राहिलं.

मॅगझिन सुटं होतं, पण ते बदलत राहणं अपेक्षित नव्हतं. पाच-पाच गोळ्यांच्या पट्ट्या वरून दाबून ते भरायचं. सुरुवातीच्या काही रायफलींना तर मॅगझिन हरवू नये म्हणून साखळीनं जखडलेलं होतं.

६. नंबर १ मार्क ३, नंबर ४, आणि वर एखादा तारा. हे सगळं वाचायचं कसं?

'नंबर' म्हणजे रायफलचा प्रकार, 'मार्क' म्हणजे त्यातली मोठी सुधारणा आणि तारा म्हणजे छोटा बदल. मार्क ३ हा १९०७ चा. पहिल्या महायुद्धात उत्पादन वाढवायचं होतं, म्हणून १९१६ मध्ये त्यातली लांब पल्ल्याची बाजूची दर्शनी, मॅगझिन बंद ठेवणारी पट्टी असे वेळखाऊ भाग काढले. तो झाला तारा असलेला मार्क ३.

'नंबर १' हे नाव मात्र १९२६ मध्ये दिलं गेलं. १९१५ च्या पत्रात किंवा अहवालात 'नंबर १ रायफल' लिहिलेलं असेल, तर तो मजकूर नंतरचा आहे किंवा नंतर कुणीतरी सुधारला आहे.

त्याच क्रमात नंबर २ ही .२२ ची सरावाची रायफल (प्रश्न १८) आणि नंबर ३ म्हणजे पॅटर्न १४. ती ली यांच्या रचनेची नाही, तिचा बोल्ट माउझर घराण्यातला आहे. नंबर ४ दुसऱ्या महायुद्धात आली: जाड नळी, छिद्रातून नेम धरायचं मागचं दर्शनी, आणि लाकडाच्या पुढे थोडं डोकावणारं नळीचं टोक. भारतात कारखाना शेवटपर्यंत नंबर १ च बनवत राहिला. म्हणून आपल्याकडच्या बहुतेक रायफलींचं टोक चपटं, नाक कापल्यासारखं दिसतं.

७. रॉयल एनफिल्डची 'बुलेट' आणि ही रायफल एकाच कंपनीच्या का?

नाही, पण संबंध आहे. इंग्लंडमधल्या रेडिच गावच्या सायकल बनवणाऱ्या कारखान्याला एनफिल्डच्या सरकारी शस्त्रकारखान्यासाठी सुटे भाग बनवायचं कंत्राट मिळालं. त्या कामाच्या अभिमानातून 'रॉयल एनफिल्ड' हे नाव, तोफेचं चिन्ह आणि 'बंदुकीसारखी घडवलेली' अशा अर्थाचं ब्रीद आलं. पूर्ण रायफल त्यांनी बनवली नाही, आणि शस्त्रकारखान्यानं मोटारसायकल बनवली नाही.

ज्या कंपनीनं खरोखर दोन्ही बनवलं ती बीएसए, म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स. पहिल्या महायुद्धातल्या लाखो ली-एनफिल्ड तिथे तयार झाल्या, आणि बीएसएच्या मोटारसायकली आपल्याकडच्या जुन्या गाड्यांच्या शौकिनांना चांगल्या माहीत आहेत.

८. इशापूरची रायफल म्हणजे ब्रिटिश रायफलची नक्कल का?

नक्कल म्हणणं अन्यायाचं आहे. पश्चिम बंगालमधला इशापूरचा रायफल कारखाना १९०४ पासूनचा, आणि तो सरकारचाच. तिथे ली-एनफिल्ड अधिकृतपणे बनत होती, त्याच आराखड्यांवरून आणि त्याच तपासणीतून. दोन्ही महायुद्धांत हिंदी पलटणींना तिथून रायफली गेल्या, आणि स्वातंत्र्यानंतर राजमुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह उमटू लागले.

काडतुसांच्या बाजूनं महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. पुण्याजवळच्या खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. तिथे भरलेल्या .३०३ काडतुसाच्या बुडाला 'के' आणि 'एफ' ही रोमन अक्षरं आणि मध्ये सरकारी मालकीचा बाण असतो. दमदमच्या काडतुसावर 'के' ऐवजी 'डी'. पुण्याच्या कामगारांनी भरलेली काडतुसं इतक्या रणभूमींवर पोहोचली, आणि हा इतिहास खुद्द पुण्यात फार कमी सांगितला जातो.

९. १९६२ च्या युद्धात आपण थ्री नॉट थ्रीमुळे हरलो का?

आपल्या पायदळाकडे तेव्हा मुख्यतः थ्री नॉट थ्रीच होत्या, हे खरं. समोर अर्धस्वयंचलित आणि स्वयंचलित शस्त्रं होती, हेही खरं. पण पराभवाचं सगळं खापर रायफलवर फोडणं चूक आहे. थंडीचे कपडे, रस्ते, रसद, तोफखान्याची साथ, वरच्या पातळीवरचे निर्णय, सगळीकडे उणीव होती. रेझांग ला इथे १८ नोव्हेंबर १९६२ रोजी १३ कुमाऊँची तुकडी याच रायफली घेऊन जवळजवळ शेवटच्या माणसापर्यंत लढली.

युद्धाचा धडा म्हणून दोन गोष्टी घडल्या: एसएलआर ही अर्धस्वयंचलित रायफल वेगानं आणली गेली (प्रश्न १२), आणि मधल्या काळासाठी ली-एनफिल्डचं नवं रूप तयार झालं (प्रश्न १०).

१०. इशापूर २ए१ म्हणजे जुन्या थ्री नॉट थ्रीची नळी बदलून केलेली रायफल ना?

नाही. ती मुळापासून नवी बनवलेली आहे. अमेरिकेत या रायफली मोठ्या संख्येनं विकल्या गेल्या आणि तिथून हा गैरसमज फिरत फिरत आपल्याकडे आला.

फौजेला काडतूस बदलायचं होतं: .३०३ सोडून ७.६२ × ५१ मिलिमीटर. नवं काडतूस जास्त दाबाचं, म्हणून इशापूरनं रचना जुन्याच मार्क ३ ची ठेवली, पण पोलाद अधिक मजबूत घेतलं. मॅगझिन बारा गोळ्यांचं आणि चौकोनी झालं. पहिली २ए, मग २ए१. दोघींतला ठळक फरक दर्शनीतला: २ए वर ते २,००० पर्यंत आखलेलं होतं, २ए१ वर ८०० मीटरवर आणलं. पायदळाचा शिपाई २,००० वर नेम धरत नाही, हे शेवटी मान्य झालं.

११. ७.६२ म्हटलं की सगळी काडतुसं सारखीच ना? आणि ७.७ मध्ये ७.६२ सहज बसेल?

दोन्ही समजुती धोक्याच्या आहेत. ७.६२ हा फक्त व्यास झाला. एसएलआर आणि २ए१ चं काडतूस ७.६२ × ५१, एके-४७ चं ७.६२ × ३९. दुसरा आकडा पुंगळीच्या लांबीचा असतो, आणि तो वेगळा असला तर काडतूसच वेगळं. .३०३ च्या पुंगळीला तर बुडाशी बाहेर आलेली कड असते, जी या दोघांना नाही.

वेगळं काडतूस भरून झाडलं, तर पुंगळी फाटून तप्त वायू तोंडावर येऊ शकतो, बोल्ट आणि नळीला इजा होऊ शकते, डोळा जाऊ शकतो. 'बसतंय का बघूया' हा प्रयोग कुणीही, कधीही करू नये. नळीवर कोरलेलं माप आणि काडतुसाच्या बुडावरचं माप तंतोतंत जुळलं पाहिजे. शंका असेल तर शस्त्र परवानाधारक शस्त्रदुरुस्ती करणाऱ्याला दाखवा.

१२. एसएलआर ही थ्री नॉट थ्रीची सुधारित आवृत्ती आहे का?

नाही. १ए१ एसएलआर बेल्जियमच्या एफएन एफएएल या रायफलच्या घराण्यातली आहे. तिच्यात गोळीच्या वायूनं पुढचं काडतूस आपोआप चढतं. थ्री नॉट थ्रीत प्रत्येक गोळीनंतर हातानं बोल्ट ओढावा लागतो. नंतरच्या भारतीय बनावटीच्या इन्सास रायफलचाही ली-एनफिल्डशी संबंध नाही.

१३. दमदम गोळी म्हणजे थ्री नॉट थ्रीचीच गोळी? आणि ती बंदी घातलेली आहे ना?

अर्धं खरं. १८९५ च्या चित्रालच्या मोहिमेनंतर ब्रिटिश अधिकारी तक्रार करू लागले की पूर्ण धातूचं कवच असलेली .३०३ गोळी माणसातून आरपार जाते आणि त्याला थांबवत नाही. कलकत्त्याजवळच्या दमदम शस्त्रागाराचे अधीक्षक कॅप्टन बर्टी-क्ले यांनी टोकाला शिसं उघडं ठेवलेली गोळी तयार केली. ती शरीरात फुलत असे. वसाहतीतल्या माणसांवर वापरायला म्हणूनच ती केली होती, हे विसरू नये.

१८९९ च्या हेग परिषदेत शरीरात फुलणाऱ्या गोळ्यांवर युद्धापुरती बंदी आली. बंदी त्या प्रकारच्या गोळीवर आहे, .३०३ या मापावर नाही. नंतरची मार्क ७ ही गोळी पूर्ण कवचाची होती. तिचं टोक ॲल्युमिनियमसारख्या हलक्या पदार्थानं भरलेलं असल्यानं वजन मागे राहायचं, आणि शरीरात शिरल्यावर ती कोलमडायची. जखम मोठी दिसली की लोक तिलाही दमदम म्हणायचे, पण ती दमदम नव्हे.

१४. जालियनवाला बागेत मशीनगन चालल्या होत्या ना?

नाही. चित्रांत आणि भाषणांत मशीनगन वारंवार येते, पण १३ एप्रिल १९१९ रोजी अमृतसरच्या बागेत जे झालं ते रायफलींनी झालं. डायरबरोबर मशीनगन बसवलेल्या दोन चिलखती गाड्या होत्या. बागेची बोळ अरुंद असल्यामुळे त्या बाहेर राहिल्या. आत ५० जण .३०३ ली-एनफिल्ड घेऊन गेले, आणखी ४० गुरख्यांकडे खुकऱ्या होत्या. गोळीबार सुमारे दहा मिनिटं चालला आणि १,६५० गोळ्या झाडल्या गेल्या. अधिकृत आकडा ३७९ मृतांचा, काँग्रेसच्या चौकशीचा अंदाज हजाराच्या आसपास.

मशीनगन नव्हत्या म्हटल्यानं घटनेची क्रूरता कमी होते असं काहींना वाटतं. उलट आहे. हातानं बोल्ट ओढायच्या रायफलीत प्रत्येक गोळीसाठी वेगळी कृती लागते. डोळ्यांसमोर माणसं पळत असताना, पडत असताना १,६५० वेळा ती कृती झाली, आणि मध्ये मॅगझिनही पुन्हा पुन्हा भरावं लागलं. चिलखती गाड्या आत नेता आल्या असत्या तर मशीनगन वापरल्या असत्या, असं डायरनं हंटर समितीसमोर स्वतः कबूल केलं. खरा तपशील सांगितला म्हणजे आरोप अधिक भक्कम होतो.

१५. १९१४ मध्ये बेल्जियममधल्या मॉन्सच्या लढाईत जर्मनांना या रायफली म्हणजे मशीनगनच वाटल्या होत्या, खरं का?

ब्रिटिश शिपायाला मिनिटाला पंधरा नेमक्या गोळ्या झाडायचं शिक्षण होतं, एवढं पक्कं. बोल्टचा फिरवण्याचा कोन कमी असल्यानं ते जमायचंही. बाकीची गोष्ट फार रंगवली गेली आहे. प्रत्येक ब्रिटिश बटालियनकडे दोन खऱ्या मशीनगनही होत्या, हे ती सांगताना गाळलं जातं.

१६. यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांनी थ्री नॉट थ्रीनं व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला का?

पोस्टरांवर तसं काढतात, पण नाही. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव भागातले नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात एकटे मशीनगनच्या ठाण्यावर धावून गेले. त्यांच्या हातात टॉमी गन होती, म्हणजे थॉम्पसन सबमशीनगन. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून तीच नळीकडून धरून त्यांनी शेवटच्या दोघांना झोडपलं. तिथेच त्यांना वीरमरण आलं. नगर जिल्ह्यातले नामदेव जाधव ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीकाठी टॉमी गन आणि हातबॉम्बनं लढले. हाताला जखम झाल्यावर बंदूक टाकून त्यांनी बॉम्बवर काम चालवलं.

त्यांच्या बटालियनमधल्या बहुतेक शिपायांकडे थ्री नॉट थ्रीच असणार. पण या दोघांचं स्मारक किंवा चित्र करताना हातात योग्य शस्त्र द्यावं, एवढी काळजी त्यांच्यासाठी घ्यायलाच हवी.

१७. २६/११ ला पोलिसांच्या थ्री नॉट थ्री निकामी होत्या म्हणून फुटल्याच नाहीत, असं म्हणतात.

सरसकट तसं म्हणणं चूक आहे. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर रेल्वे सुरक्षा दलाच्या जवानानं त्या रात्री थ्री नॉट थ्रीतून अतिरेक्यांवर गोळ्या झाडल्या होत्या.

गोळी दुबळी होती हेही खरं नाही. .३०३ ची मार्क ७ गोळी नळीतून सुमारे ३,१०० जूल ऊर्जेनं निघते, एके-४७ ची सुमारे २,०००. फरक होता वेगाचा. एकीकडे दर गोळीला हातानं बोल्ट, दहाचं मॅगझिन. दुसरीकडे तीस गोळ्यांचं मॅगझिन आणि चाप दाबून धरला की सलग मारा. गर्दीच्या फलाटावर, जवळच्या अंतरात, मागेपुढे प्रवासी असताना बोल्ट रायफलवाल्याला दुसरी संधी मिळणंच कठीण. पोलिसांच्या धैर्यात काही कमी नव्हतं, त्यांना दिलेलं साधन त्या कामाचं नव्हतं. त्यानंतर पोलीस दलांतून ही रायफल हटवण्याला वेग आला. उत्तर प्रदेश पोलिसांनी २६ जानेवारी २०२० च्या संचलनात तिला औपचारिक निरोप दिला.

१८. पोलिसांची 'मस्केट', एनसीसीची 'पॉइंट टू टू' आणि 'डीपी', या सगळ्या थ्री नॉट थ्रीच का?

दिसायला हो, कामाला नाही.

मस्केट म्हणजे .४१० बोअरची. इशापूरला जुन्या ली-एनफिल्डचे आटे काढून नळी आतून गुळगुळीत केली, मॅगझिनच्या जागी लाकडी ठोकळा बसवला आणि ती एकावेळी एकच गोळी भरायची बंदूक झाली. पहारेकरी आणि तुरुंगरक्षकांसाठी ती होती. आटे नाहीत म्हणून तिला रायफल म्हणता येत नाही, पोलिसांचा 'मस्केट' शब्द इथे अगदी बरोबर आहे. ही न ओळखता तिच्यात साधं .३०३ भरणं म्हणजे अपघाताला आमंत्रण.

पॉइंट टू टू, म्हणजे नंबर २ मार्क ४, ली-एनफिल्डचाच सांगाडा आणि .२२ ची नळी अशी सरावाची रायफल. काडतूस एकेक हातानं भरायचं. एनसीसीतली 'डिलक्स' .२२ मात्र वेगळी, ती या घराण्यातली नाही.

डीपी म्हणजे फक्त कवायतीसाठी. निकामी ठरलेल्या रायफलीवर ही अक्षरं ठोकतात. दस्त्यावर पांढरा पट्टा, बऱ्याचदा नळीला आडवं भोक. डीपी रायफलीतून काहीही झाडायचं नसतं, कोरी काडतुसंही नाहीत. रंग पुसून टाकलेल्या डीपी रायफली आढळतात, तेव्हा अक्षरं शोधावीच.

१९. शेतकऱ्यांकडे परवान्यावर असते ती .३१५ म्हणजे थोडी मोठी केलेली थ्री नॉट थ्री का?

रायफल त्याच घराण्यातली, काडतूस परकं. ब्रिटिश सरकारला फौजेचं काडतूस लोकांच्या हाती पडायला नको होतं. चोरलेला लष्करी दारूगोळा खाजगी रायफलीत चालू नये, हा हेतू. म्हणून नागरिकांसाठी वेगळं माप आलं: .३१५, म्हणजे ८ मिलिमीटर, ज्याचं मूळ ऑस्ट्रियाच्या मानलिखर काडतुसात आहे. इशापूरची .३१५ स्पोर्टिंग रायफल ली-एनफिल्डच्याच बोल्टवर बांधलेली असते. दोन्ही काडतुसं एकमेकींच्या जागी चालत नाहीत.

तो भेद कायद्यात आजही आहे. .३०३ प्रतिबंधित बोअरमध्ये मोडते, सर्वसाधारण परवान्यावर मिळत नाही. .३१५ अप्रतिबंधित. १९५९ च्या शस्त्र अधिनियमातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला तीनऐवजी दोनच अग्निशस्त्रं ठेवता येतात.

२०. आजोबांच्या पेटीत जुनी रायफल किंवा काडतुसं सापडली. जुनी आहेत म्हणजे परवाना लागत नाही ना?

लागतो. वस्तू पुरातन आहे हे घरच्यांनी ठरवून चालत नाही. परवानाधारक वारला की वारसांनी शस्त्र जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं आणि मग अर्ज करायचा. आयुक्तालय असलेल्या शहरांत पोलीस आयुक्त, इतरत्र जिल्हाधिकारी हे परवाना देणारे अधिकारी. .३०३ असेल तर ती प्रतिबंधित बोअरची, हे अर्जाआधीच लक्षात घ्या.

जिवंत काडतूस आठवण म्हणून खिशात, बॅगेत ठेवू नका. विमानतळावर एक काडतूसही गुन्हा नोंदवायला पुरतं. रायफल हलवण्यापेक्षा पोलिसांना घरी बोलावणं अधिक सुरक्षित.

२१. आमच्याकडच्या आखूड थ्री नॉट थ्रीला सगळे 'जंगल कार्बाइन' म्हणतात. ती खरी कशी ओळखायची?

ते टोपणनाव आहे. १९४४ पासूनच्या त्या रायफलीचं अधिकृत नाव नंबर ५ मार्क १. ती नंबर ४ च्या घराण्यातली: छिद्राचं मागचं दर्शनी, नळीच्या टोकाला नरसाळ्यासारखा भाग, दस्त्याला रबराची गादी. भारताची नंबर १ कापून आखूड केलेली असेल, तर ती नंतरची कारागिरी आहे. परदेशी व्यापाऱ्यांनी अशा बऱ्याच रायफली याच नावानं विकल्या. मागचं दर्शनी नळीवर आहे की बोल्टच्या मागे, एवढं पाहिलं तरी बहुतेक वेळा उलगडा होतो. नळीवर असेल तर मूळ नंबर १.

२२. रायफलवर राजमुकुट आणि १९१७ कोरलंय. म्हणजे ती पहिल्या महायुद्धात वापरलेली ना?

त्यावरून एवढंच कळतं की तो विशिष्ट भाग १९१७ मध्ये बनला. ली-एनफिल्ड पन्नास-पन्नास वर्षं वापरात राहिल्या. नळ्या बदलल्या, लाकूड बदललं, बोल्ट दुसऱ्यांचे आले. बोल्टवरचा क्रमांक, सांगाड्यावरचा आणि नळीवरचा जुळतो का, ते आधी पाहा. 'एफआर' ही अक्षरं कारखान्यात दुरुस्ती झाल्याची खूण आहेत, आणि पुढच्या लाकडातून आरपार गेलेला स्क्रू हा इशापूरच्या मजबुतीकरणाचा ओळखीचा नमुना.

मुकुटाखालची अक्षरंही बोलतात. 'जीआरआय' म्हणजे जॉर्ज, राजा आणि सम्राट: भारतात बनलेली. नुसतं 'जीआर' असेल तर भारताबाहेरची. 'व्हीआर' म्हणजे राणी व्हिक्टोरिया, आणि ती १९०१ मध्ये वारली. आखूड ली-एनफिल्डवर, १९०५ किंवा १९१० अशा सालाबरोबर 'व्हीआर' दिसलं, तर ती रायफल एनफिल्डची नाही आणि इशापूरचीही नाही. खैबर खिंडीच्या बाजूला, दर्रा आदमखेलमध्ये कारागीर हातानं अशा रायफली घडवत आले आहेत. खऱ्या रायफलीवरचे शिक्के ते बघून बघून कोरत, त्यामुळे कधी रोमन 'एन' उलटा, कधी स्पेलिंग चुकलेलं, कधी राणी आणि साल यांचा मेळ नाही. पोलाद कुठलं ते सांगता येत नसल्यानं अशी रायफल भिंतीवरच ठेवावी, झाडू नये.